जोडाच्या खाली

१८ मे, मंगळवार

मोजली. तीनदा मोजली. चाळीसातली दहा उभी आहेत.

नऊ मुळासकट आडवी. एकवीस कमरेखाली मोडलेली — नुसते बुंधे राहिलेत, हात-सव्वा हाताचे. वरचं सगळं शेजारच्या ओळीत जाऊन पडलंय. काल दिवसभर वारा ओरडत होता, पण झाड मोडल्याचा आवाज मला एकदाही ऐकू आला नाही. यायला हवा होता ना? मी घरातच तर होते!

कच्चे चिकू सगळीकडे. चपलेला चीक लागतो आणि प्रत्येक पावलाला जमीन चप्पल धरून ठेवते.

मोजल्याशिवाय आकडा बोलायचा नाही — बाबांनी मला 'अ'च्याही आधी हे शिकवलं. आई गेल्यावर दोन वर्षं त्यांनी मला शाळेत घातलं नाही, नजरेआड करवेना त्यांना. चिकूच्या खोक्यांच्या फळ्यांवर कोळशाने अक्षरं काढून इथेच शिकवलं. वाचन, पाढे, घड्याळ, सगळं. झाडाच्या कामाला मात्र हात लावू दिला नाही. "तू बूक वाच. ह्यां माझा काम."

म्हणून आज मला फक्त मोजता आलं. पुढे काय करायचं ते येत नाही.

१९ मे

मृणालिनीताईंचा फोन. वाडी त्यांची. आम्ही राखणीला — गिरणी बंद पडल्यापासून बाबा, आणि जानेवारीत त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेल्यापासून मी. ताई अंधेरीला एकट्याच राहतात, सत्तरी उलटलीय, गोराईची खाडी ओलांडून यायचं म्हणजे त्यांना परदेश.

"अगं, शेजारचे लॉनवाले वर्षभर मागे लागलेत. लग्नांना जागा पुरत नाही म्हणतात. मी आजवर झाडांकडे बघून नाही म्हणत होते. आता कशाकडे बघू?"

 मग म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत थांबते. निम्म्याहून जास्त झाडं जगली तर राहू दे वाडी. नाहीतर तूच सांग, काय करू?"

निम्म्याहून जास्त म्हणजे एकवीस. दहा आहेत. अकरा हवीत.

वाडी गेली की विहिरीजवळच्या या दोन खोल्या गेल्या. मग बाबा बरे होऊन परत कुठे येणार?

२३ मे, रविवार

घाटकोपर. बाबा सुगंधाआत्याकडे, पंतनगरला. फिजिओवाला तिथे घरी येतो, म्हणून तिथे ठेवलंय. बाबा गॅलरीत धोंडूकाकांबरोबर पत्ते खेळत होते, डाव्या हाताने. धोंडूकाका शेजारच्या दारातले, बाबांच्याच गिरणीतले, त्यांच्याच गावचे.

आत्या आतून ओरडली, "गो अपू, तुझो बापूस पत्ते लपयता! लुळ्या हाताखाली!"

बाबा हसले. तोंडाची एकच बाजू हसते अजून.

मग मला म्हणाले, "वाडी?"

"फांद्या मोडल्यात बाबा."

हे खोटं नाही. फांद्या मोडल्यातच. पण खरंही नाही. बाबांनी मान डोलावली आणि पान टाकलं.

माझ्यासमोर बरं वाटतंय असं दाखवतात. दोन खोल्यांत पाच माणसं, संडासाला रांग. त्यांना कसं बरं वाटेल? माझ्यामुळे हसतात. मला ते कळत नाही असं वाटतं त्यांना.

४ जून

आडवी झालेली नऊ कापून नेली. करवतीचा भुसा गुलाबीसर असतो. माहीत नव्हतं.

वटवाघळंही गेली. संध्याकाळी वाडीत जो पंखांचा फडफडाट असायचा तो त्यांचा होता, हे तो थांबल्यावर कळलं. बाबा त्यांना शिव्या द्यायचे — "मेल्यांनी सगळे पिके खाल्ले!" आता शिव्या द्यायलाही कोणी नाही.

११ जून

आज दिवसभरात बोललेले शब्द मोजले. बोटीवर: "एक द्या." कामावर, रक्त तपासायच्या लॅबमध्ये: "हो", "पाठवलाय", "सहीला ठेवलाय", आणि एका आजोबांना "उपाशीपोटी यायचं". आल्यावर मांजराला "हट". एवढेच.

मोजायला नको होते.

२० जून, रविवार

फुटलं!! तिसऱ्या ओळीतला दुसरा बुंधा. करंगळीएवढा कोंब, टोकाला चार पानं, पोपटी. मी खाली बसले आणि बसूनच राहिले. पाऊस होता. छत्री घरातच राहिली होती ते नंतर लक्षात आलं.

ताईंना फोन करणार होते. केला नाही. एकाचा काय आकडा सांगायचा.

२७ जून

चार.

३० जून

सहा! एका बुंध्यावर तर तीन-तीन कोंब. मी प्रत्येकाभोवती काठ्या रोवून लुगड्याची चिंधी बांधलीय, बकऱ्या येतात पलीकडच्या. आईचं लुगडं होतं. ते कापायचं की नाही यात दोन दिवस गेले.

११ जुलै, रविवार

घाटकोपरला फोटो घेऊन गेले. आता सांगायला हरकत नव्हती. वादळाने एकवीस मोडली, पण अकरा फुटलीत, असं एका दमात सांगून टाकलं. उभी दहा आणि ही अकरा. एकवीस!

बाबांनी फोन डाव्या हातात घेतला. पान मोठं करून दे म्हणाले. दिलं. खूप वेळ बघत राहिले. मला वाटलं, रडतील.

"पान बरां आसा," म्हणाले आणि फोन परत दिला. आणि धोंडूकाकांना, "वाट रे."

वाट म्हणजे पत्ते वाट.

बोटीत वाईट वाटत राहिलं. मग वाटलं, आजारी माणसाला आनंद झेपत नसेल.

८ ऑगस्ट

उन्मळलेल्या झाडांच्या खड्ड्यांत पाणी साचलंय, त्यात बेडूक. बुंध्यांच्या सालीवर अळंब्या, कानाच्या आकाराच्या. उभ्या दहा झाडांना कळ्या. वादळानंतर इथे कुणीच काही केलं नाही आणि तरी सगळं चाललंय. मीच एक अशी आहे की रोज उठून काही बिघडलं तर नाही ना म्हणून बघायला जाते.

१० सप्टेंबर

आत्याकडे दीड दिवसाचा गणपती. आत्या म्हणाली, "रव गो दोन दिस. वाडी काय पळता?" तासाभरात निघाले. शेवटची बोट चुकली तर वाडीत कोण?

निघताना आरती चालली होती. बाबा खुर्चीत बसून टाळ वाजवत होते — एक टाळ मांडीला टेकवून, दुसरा डाव्या हाताने त्यावर. शब्द मागे पडत होते. सगळे पुढच्या कडव्यावर गेले की बाबा मागचं संपवायचे, आणि सगळे थांबायचे. मला बघवेना.

१२ सप्टेंबर, रविवार

ताईंना कळवलं. एकवीस बुंध्यांपैकी सतरा फुटले. सतरा आणि दहा सत्तावीस. निम्म्याहून सात जास्त. त्या फोनवर हसल्याच. "कमाल केलीस गं! लॉनवाल्यांना 'नाही' कळवून टाकते. तू बाबांना आणायच्या तयारीला लाग."

मी फोन ठेवून विहिरीच्या काठावर बसून शिरा खाल्ला. एकटीसाठी केला होता, दोन वाट्या उरला.

२५ सप्टेंबर, शनिवार

सम्यकला फोटो दाखवला. लॅबमध्ये रक्त काढतो तो, मुलुंडहून येतो. मी रिपोर्टातला प्रत्येक आकडा तीनदा तपासते म्हणून मला 'दशांश' म्हणतो. मला तो आवडत नाही असं नाही. मी कुणाशी बोलायला सुरुवात कशी करायची ते विसरलेय, एवढंच.

"क्या बात है, दशांश! झकास फुटलंय. जोडाच्या वर ना?"

"कसला जोड?"

"अगं, कलमाचा. वर फुटलंय की खाली?"

मी फोटो मोठा करून पुन्हा बघितला.

"तू वाडीतच वाढलीस ना? का नुसतीच तिथे राहतेस?" मग माझा चेहरा बघून खुर्ची ओढून बसला. "हे बघ. माझ्या मामाकडे, काटोलला, संत्री आहेत. संत्र्याचं कलम जंबेरीवर बांधतात. खालची मुळं जंबेरीची, वरचं झाड संत्र्याचं. वरचं मेलं ना, की खालून जंबेरी फुटते. असली जोमात फुटते की नवीन माणूस नाचायला लागतो. मामा म्हणतो, नाच बाबा, तीन वर्षांनी फळ चाख. आंबट जहर!"

"चिकूचं तसं नसेल."

"नसेल. घरी जाऊन बघ ना."

२६ सप्टेंबर, रविवार

बघितलं.

बुंध्याला जमिनीपासून वीतभर वर एक जाड कडं असतं, सुजल्यासारखं. लहानपणापासून मी त्याच्यावर पाय देऊन झाडावर चढलेय. तो जोड. शोधून वाचलं: खाली खिरणी, चिकूच्याच जातकुळीचं रानझाड, वर चिकू. खिरणीची मुळं चिवट म्हणून.

चिकूचं पान टोकाला निमुळतं असतं. या कोंबांचं पान टोकाला किंचित आत गेलेलं आहे, खाच पडल्यासारखं. एकदा दिसलं की दुसरं काही दिसतच नाही. तीन महिने रोज ही पानं बघतेय मी!

सतरातली तीन कड्याच्या वर फुटलीत. चौदा खाली.

दहा आणि तीन तेरा.

मी तीन महिने चौदा परक्या झाडांना आईच्या लुगड्याची चिंधी बांधून जपलं. आकडा बरोबर होता. मोजलं ते चुकीचं.

२७ सप्टेंबर

ताईंना सांगितलं नाही.

२८ सप्टेंबर

नाही.

३० सप्टेंबर

ताईंचा मेसेज: "दसऱ्याला येते. पेढे आणते. बाबा तोवर आलेले असतील ना?"

त्यांना चिकू आणि खिरणीतलं काही कळत नाही. फळ धरायला वर्षं जातील. तोवर कुणालाच कळणार नाही. बाबा इथे येतील, विहिरीजवळ बसतील, आणि हे सगळं माझ्या एकटीच्या पोटात राहील. राहू शकतं. माझ्या पोटात बरंच काही राहतं.

बारा तारखेला मी खोटं बोलले नव्हते, चुकले होते. पण रविवारपासून?

१ ऑक्टोबर

रिपोर्टात एकाचं हिमोग्लोबिन १२.१ चं १.२१ टाइप केलं. सम्यकने पकडलं. चिडवलं नाही.

३ ऑक्टोबर, रविवार

बाबांना सांगायला गेले. चिकूची एक फांदी आणि खिरणीचा एक कोंब, दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून. गॅलरीत त्यांच्यासमोर उलगडलं. दोन पानं शेजारी शेजारी ठेवली.

बाबा म्हणाले, "खिरणी."

"हो."

"फोटो दाखवलंस तेव्हाच वळाखलंय."

जुलैमध्ये! मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?" चढ्या आवाजात म्हटलं. बाबांशी कधी अशी बोलले नव्हते. धोंडूकाकांनी पत्ते पालथे ठेवले.

 बाबा आत बघून म्हणाले, "सुगंधा, सुरी हाड."

आत्याने सुरी आणून दिली, मग त्यांनी शिकवलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. खिरणीची मुळं जिवंत आहेत म्हणजे तिच्यावर पुन्हा चिकू बांधता येतो. कोंब पेन्सिलीएवढा झाला की शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची. चिकूची काडी पाचरीसारखी तासून चिरेत बसवायची, सालीला साल लावून, आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायचं. काडीची पानं आठ दिवस आधी झाडावर असतानाच काढून ठेवायची, म्हणजे डोळा फुगतो. वरून बर्फाच्या पेप्सीची रिकामी पिशवी टोपीसारखी घालायची.

बाबांच्या डाव्या हाताला तासता येईना. धोंडूकाकांनी काडी धरली, मी सुरी धरली, बाबांनी माझं मनगट धरलं. आत्या म्हणाली, "तिघा मिळान एक काडी! आपरेशनच म्हणा!" शेजारच्या दोन बायका बघायला आल्या. चीक सगळ्यांच्या बोटांना. आत्याने खोबरेल तेलाची बाटली फिरवली.

सात काड्या वाया गेल्या. आठवी बसली. बाबांनी ती उजेडात धरून फिरवून बघितली.

"माका ह्यां तुका शिकवूचा नव्हता," म्हणाले.

"का?"

"पत्ते वाट रे धोंडू."

५ ऑक्टोबर

ताईंना फोन केला. आधी कागदावर लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. सत्तावीस नाही, तेरा. चूक माझी. चौदांवर पुन्हा कलमं बांधता येतात, पण सगळी जगणार नाहीत, आणि फळाला चार-पाच वर्षं.

 मागे त्यांचा टीव्ही चालू होता.

"लॉनवाल्यांना मी 'नाही' म्हणून कळवून टाकलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो ताई."

"तू मला हे सांगितलं नसतंस तर मला मरेपर्यंत कळलं नसतं."

"हो ताई."

"वेडी आहेस का गं तू?"

यावर काय म्हणायचं ते कागदावर लिहिलेलं नव्हतं.

१० ऑक्टोबर

उभ्या झाडांवरच्या वीस काड्यांची पानं काढून ठेवली. वाडी राहणार की नाही माहीत नाही. पण काड्यांना आठ दिवस लागतात, ते काही थांबत नाहीत.

संध्याकाळी वरच्या फांदीत फडफड. दोन वटवाघळं. नाहीत, तीन.

१५ ऑक्टोबर, दसरा

ताई आल्या. बोटीतून उतरताना माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पेढे आणले होते.

चौदाच्या चौदा कोंब बघितले. प्रत्येकापाशी थांबल्या. एका चिंधीला हात लावून म्हणाल्या, "हे कुणाचं?" आईचं, म्हटलं. त्यांनी सुटत आलेली गाठ घट्ट केली.

मग खुर्चीत बसून सांगितलं, सगळं ठरवूनच आल्या होत्या. रस्त्याकडची अर्धी वाडी लॉनवाल्यांना गाड्या उभ्या करायला. "मलाही जगायचंय गं, औषधांचं बघतेस ना." त्यातली उभी चार झाडं आणि तीन खिरण्या जातील. मागची अर्धी, विहीर, घर आणि अकरा खिरण्या माझ्याकडे. पाच वर्षं. कागद करून देतील.

चार झाडं! मला माहीत आहेत कोणती. शेवटच्या ओळीतलं एक तर सगळ्यांत गोड.

पण घर राहिलं. बाबांचं घर राहिलं! ताई गेल्यावर मी उंबरठ्याशी बसून पेढे खाल्ले. सहा खाल्ले.

१९ ऑक्टोबर

सुट्टी टाकली. सहा बांधली. एक काडी उलटी बसवली होती, डोळे खाली — सोडून पुन्हा बांधली. मनगट धरायला कुणी नव्हतं, तरी चीर सरळ गेली. हे नवीन आहे.

सम्यकने विचारलं, बघायला येऊ का? रविवारी घाटकोपर असतं, म्हटलं. "मग शनिवारी." बरं, म्हटलं. बोलून तर टाकलं!

२४ ऑक्टोबर, रविवार

बाबांना न्यायला गेले होते. टॅक्सी ठरवली होती, बोटवाल्याला खुर्ची आडवी ठेवायला जागा सांगून ठेवली होती. आत्याने डबा भरला होता. बाबा गॅलरीतून उठेनात.

"माका येवचा नाय."

मी समजावत राहिले. घर आहे, विहीर आहे, कलमं लागतायत. बाबांनी डावा हात वर केला, तेव्हा थांबले. शब्द एकेक करून आले, आरतीत यायचे तसे, आणि या वेळी थांबायची पाळी माझी होती.

"तुझी आवस गेली. मी दोनदा सामान बांधला. हयसर येवचा होता, माणसांत. तू खाडीच्या अलीकडे आलंस की रडत ऱ्हवायचंस. परत वाडीत नेला की गप. म्हणान रवलंय. पंचवीस वर्सां." मग जरा वेळाने, "वादळान मोडली तेव्हा वाटला, सुटलंस आता. म्हणान खिरणी बघून गप रवलंय."

टॅक्सी परत पाठवली. जेवून एकटीच आले.

आल्यावर बाबांचे कपडे पिशवीत भरले, पुढच्या रविवारी न्यायला. कपाटाचा मोठा कप्पा रिकामा झाला. माझे कपडे अजून पलंगाखालच्या पेटीत होते, लहानपणापासून तिथेच असतात. काढले. घड्या घालून कप्प्यात लावले.